मिरगीच्याच तर गोळ्या

धाकटी बहीण जेवताना मध्येच थांबायची. घास हातात, नजर भिंतीवर. दहा-बारा सेकंदांनी जणू काही झालंच नाही अशी पुन्हा जेवू लागायची. खाला म्हणाल्या, "असर आहे, सैलानीला न्या." बुलढाण्यात हे वाक्य न ऐकलेलं घर विरळाच. गेलो, दुआ केली. मग अब्बांनी दवाखाना गाठला. डोक्याला तारा लावून ईईजी काढला. मिरगी निघाली, न पडता येणारी.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. मेंदूतल्या पेशींना आवर घालणारं 'गाबा' नावाचं रसायन असतं. त्याचं काम झालं की वाहक प्रथिनं ते उचलून पुन्हा पेशीत नेतात. टायगाबीन हे औषध या वाहकांना अडवतं, म्हणून गाबा जास्त वेळ टिकतो. मेंदूच्या एकाच भागातून उठणाऱ्या मिरगीत त्याचा उपयोग होतो. पण टक लावणाऱ्या मिरगीत तेच औषध झटके वाढवू शकतं. हा वाहक जन्मतःच अधू असलेल्या काही मुलांना तर असेच टक लावणारे झटके येतात.

अम्मी गप्प झाली. घरी आल्यावर तिनं ओढणीची गाठ सोडली. आत शेजारच्या मुलाच्या दोन गोळ्या होत्या. "मिरगीच्याच तर आहेत," असं सांगून शेजारणीनं दिल्या होत्या.