वाघळाच्या केसांतून

१
गोचीड म्हणावं तर पाय सहाच. माशी म्हणावं तर पंख नाहीत. चाल कोळ्याची. वाघळाच्या केसांत शिरून त्याचंच रक्त पिणाऱ्या या प्राण्याला मराठीत नाव नाही. माशीच आहे ती.

२
पंख गेले, पण उडताना तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गुंड्या तेवढ्या राहिल्या. मोटारसायकल विकली, हेल्मेट खुंटीला.

३
अंडी घालत नाही. अळी पोटातच वाढवते, एका वेळी एकच. दिवस भरले की वाघळावरून उतरते, गुहेच्या भिंतीला अळी चिकटवते आणि परत केसांत. बाळंतपणापुरतं घराबाहेर.

४
नुसत्या रक्तात ब जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. ती तिच्या अंगात राहणारे जिवाणू बनवून देतात. आईकडून लेकीला मिळालेले, घरचे.
बार्टोनेला जिवाणूही तिच्यात सापडतात. ते वाघळाच्या रक्तातले. एका वाघळाकडून दुसऱ्याकडे ते हिच्यामार्फत जात असावेत. माणसाला ही सहसा चावत नाही.

५
कर्नल साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करत हिंडला. माणसं, पिकं, पाखरं, सगळं. एका चंडोलाला त्याचं नाव मिळालं. मोठ्या वाघळावरच्या अशाच एका माशीलाही: सायक्लोपोडिया सायकेसी. निदान इंग्रजांनी बारसं केलं.

६
महाबळेश्वरची गुहा, मार्च 2020. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वाघळं पकडून नमुने घेतले. त्याच महिन्यात देश बंद झाला. निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याची बातमी आली 2021 मध्ये.
त्याआधी 2010 मध्ये पश्चिम भारतातल्या वाघळांत एक नवा विषाणू मिळाला होता, मालसूर.
विषाणूंना मथळे मिळतात. जिवाणूंना नाही.

७
प्लेग मात्र जिवाणूचा. त्यात लोक गावं सोडून रानात झोपड्या घालून राहिले. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची सेवा करताना गेल्या, 10 मार्च 1897. प्लेगचा जिवाणू पिसू नेते हे पॉल-लुई सिमोंने दाखवलं 1898 मध्ये, कराचीत.
पिसवेला मराठीत नाव कधीचंच होतं.

८
1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात, उपद्रवी म्हणून, फळं खाणारी वाघळं होती. शेजारी कावळा, उंदीर. 2022 च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं.
तासगावकडे द्राक्षं भरायला लागली की बागेवर जाळी चढते. कायदा बदलला म्हणून कुणी उतरवलेली नाही.