आमची जुनी पिकअप गाडी

मुखेडाहून नरसीमार्गें नांदेडच्या मोंढ्याकडे सोयाबीन व तुरीचीं पोतीं नेणाऱ्या गाड्यांत एक पांढरी पिकअप आमची आहे. तिची नोंदणी २०११ सालची व माझा जन्महि त्याच सालचा; त्यामुळें आई आम्हां दोघांचें वय एकदमच सांगते. मालवाहू गाडीस पहिलीं आठ वर्षें दर दोन वर्षांनीं आणि पुढें प्रतिवर्षीं तपासणी करून घ्यावी लागते. तीस आमच्याकडे ‘पासिंग’ म्हणतात. पासिंगचे दिवस जवळ आले कीं, ‘ही विकून नवी घ्यावी काय?’ हा प्रश्न घरांत निघतो. नवीस आठ-दहा लाख रुपये पडतात. म्हणजे कर्ज आलेंच, आणि सोयाबीनचा भाव कोणाच्या हातीं असतो? शेवटीं वडिलांनीं जुनीच सुधारावयाचें ठरविलें.

सुधारणा म्हणजे काय, हें मात्र त्यांनीं मनाशीं निराळेंच योजिलें होतें. मागच्या चाकांवर दोन पाटे अधिक घालावे, बाजूच्या फळ्या उंच कराव्या, म्हणजे खेपेस दहा पोतीं जास्त बसतील, असा त्यांचा हिशेब होता. गॅरेजांतील वृद्ध उस्तादांनीं तो ऐकून घेतला व एवढेंच विचारलें, "भाऊ, पाट्यानें माल पेलेल, पण उतारावर थांबवील कोण?"

वडील गप्प राहिले. कारण मला ठाऊक होतें. गेल्या पावसाळ्यांत भरलेली गाडी घेऊन आम्ही बालाघाटाच्या एका लांब उतारावरून येत होतों. वडिलांचा पाय ब्रेकवर सारखा होता. एका वळणाशीं शेळ्यांचा कळप व त्यामागें एक लहान मुलगी दिसली. वडिलांनीं ब्रेक दाबला, तों पायाखालचें पेडल मऊ लागून तळाशीं गेलें. त्यांनीं गिअर उतरविला, हातब्रेक ओढला. गाडी बांधाच्या मातींत चढून थांबली. मुलगी आमच्याकडे पाहत उभी होती. वडिलांचे हात कितीतरी वेळ कांपत होते. घरीं आल्यावर मीं आईस सर्व सांगितलें, व त्या दिवसापासून माझें गाडींत बसणें बंद झालें.

उस्तादांनीं चाकें उतरवून समजाविलें तेव्हां उलगडा झाला. सतत पाय ठेवल्यानें ब्रेकचे ड्रम तापतात. ब्रेक ऑईल हवेंतील ओलावा शोषतें. ‘डॉट ३’ जातीचें कोरें तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येऊं शकते. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतच नाहीं. आमचें तेल चार वर्षांत बदललेंच नव्हतें! नववींत आम्हीं गतिज ऊर्जेचें सूत्र पाठ केलें आहे. वेग तोच ठेवून वजन दीडपट केलें तर ब्रेकनें जिरवावयाची ऊर्जाहि दीडपट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. तें मीं वहींत मांडून दाखविलें. वडील फारसे शिकलेले नाहींत, परंतु हिशेब त्यांना लगेच पटला.

शिवाय कायद्याची अडचण होतीच. गाडीनें किती वजन न्यावें हें नोंदणीपत्रांत लिहिलेलें असतें. पाटे वाढविल्यानें तो आंकडा वाढत नाहीं. कारखान्यानें ठरविलेल्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करतां येत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं सांगितलें आहे.

मग पैसा गेला तो ब्रेकचे लायनर, चाकांवरील सिलिंडर, नळ्या, नवें तेल आणि मागचे झिजलेले टायर यांवर. इंजिनांत नव्या रिंगा बसल्या, धूर कमी झाला. तथापि २०२० सालच्या एप्रिलपासून निघालेल्या बीएस-सहा गाड्यांइतकी ती स्वच्छ होणें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. फळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. रंगाचें काम पैसे संपल्यामुळें राहून गेलें. उजव्या दारावरचा गंज अद्याप तसाच आहे.

पासिंग झाल्यावर पहिली खेप नांदेडला निघाली. पोतीं नेहमींपेक्षां कमी होतीं, म्हणून एकाऐवजीं दोन खेपा कराव्या लागणार होत्या, व वडील त्याबद्दल थोडे कुरकुरतहि होते. पहांटे आई स्वयंपाकघरांतून बाहेर आली. तिच्या हातांतील डबा दोघांचा होता.