गोठलेले पैसे

पैशाला पाय असतात, असे माझी आजी म्हणे. तिच्या काळी ते मुंगीचे होते. आता हरणाचे झाले आहेत. एखाद्या निवृत्त गृहस्थाला फोनवर फसवून काढलेली रक्कम घटकाभरात चार गावच्या चार बँका हिंडून येते. मग पोलीस तरी काय करणार? माग लागेल ते खाते आधी थांबवतात. याला म्हणतात 'खाते गोठवणे'.

आम्हां संसारी माणसांना गोठणे ठाऊक ते तुपाचे. थंडीत गोठले तर उन्हात ठेवावे. पण गोठलेले खाते कुठल्या उन्हात ठेवायचे?

हा प्रश्न पडला आमच्या शेजारच्या काकूंना. त्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. गेल्या वर्षी एका अनोळखी गिऱ्हाइकाने फोनवरून १,८०० रुपये धाडले, चकल्यांचे डबे नेले आणि तो गेला. पंधरा दिवसांनी काकू वाण्याचे पैसे द्यायला निघाल्या, तो खात्यातले साठ हजार जागचे हलेनात!

"परराज्यातल्या पोलिसांचे पत्र आहे, काकू," बँकेतला मुलगा म्हणाला. "ते अठराशे चोरीचे असल्याचा संशय आहे."

"अरे, पण पैशावर चोराचे नाव असते का?" काकूंनी विचारले. मुलगा बिचारा काय बोलणार?

मी त्यांना आमच्या वकील स्नेह्यांकडे नेले. ते म्हणाले, "बँकेतले खाते हीसुद्धा मालमत्ताच, पोलिसांना ते थांबवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १०६ व्या कलमाखाली पोलिसांनी खाते थांबवले, की ताबडतोब मॅजिस्ट्रेटला कळवले पाहिजे. १०७ वे कलम गुन्ह्याच्या कमाईवर टाच आणण्याचे. तिथे हुकूम कोर्टाचा. आधी नोटीस, म्हणणे मांडायला चौदा दिवस. कमाई गुन्ह्याचीच ठरली, तर कलेक्टरांनी साठ दिवसांत ती फसलेल्यांना वाटून द्यायची."

ऐकून बरे वाटले. ते अठराशेही कुणाच्या तरी घामाचेच होते, त्याच्याही घरी दिवाळी होती. पोलीस हात बांधून बसले असते, तर त्याला कधीच काही मिळाले नसते. तेव्हा थांबवणे हवेच. पण संशय अठराशेचा आणि कुलूप साठ हजारांना, हे कुठले माप? थांबवणे म्हणजे हिरावणे नव्हे, हे खरे. पण वाणी दारात उभा असला म्हणजे दोहोंतला फरक कुणाला कळतो?

वकिलांनी त्या गावच्या मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज केला. काकूंची ऑर्डरींची वही, वाण्याच्या पावत्या, सारे जोडले. दोन महिन्यांनी हुकूम आला: अठराशे अडकवून ठेवा, बाकीचे मोकळे करा. एवढे शहाणपण पहिल्याच दिवशी सुचते, तर काकूंना बांगडी गहाण ठेवावी लागली नसती.

मी पेढे घेऊन गेलो, तर काकू विचारात बसलेल्या.

"अठराशे ज्याचे असतील त्याला पोचोत, माझे काही म्हणणे नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या चकल्या त्या मेल्याने खाल्ल्या, त्यांच्यावर कुठले कोर्ट टाच आणणार?"