‘ठेवून आलो’ आणि ‘ठेवले आणि आलो’



डी.एड. झाल्यावर मी रायगड जिल्ह्यातील एका शाळेत आठ वर्षे मराठी शिकवले. १९९८ साली अश्दोदला आल्यापासून ते व्याकरण जुन्या वह्यांतच पडून होते. गेल्या महिन्यात त्याची पुन्हा गाठ पडली.

धाकटी कन्या विद्यापीठ-प्रवेशासाठी सायकोमेट्रिक परीक्षेची तयारी करीत आहे. तीत शब्दांच्या जोड्या असतात. पहिल्या जोडीतील संबंध दुसऱ्या कोणत्या जोडीत आहे, ते ओळखावयाचे. ती म्हणाली, “आई, शब्द सगळे कळतात, उत्तर मात्र चुकते.”

मी तिला मराठीतील जोडी दिली : तेली : घाणा. पर्याय तीन. कुंभार : मडके, कुंभार : चाक, चाक : कुंभार. तिने मडके निवडले. आपल्या पूर्वजांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, हे तिने ऐकले होते. घाणा मात्र कधी पाहिला नव्हता.

“आधी वाक्य कर,” मी म्हटले. “तेली घाणा चालवतो. कुंभार मडके चालवतो का?”

“नाही, चाक चालवतो.”

“मग तिसरी जोडी का नको?”

“क्रम उलटा आहे.”

शब्द ओळखीचे असून भागत नाही. त्यांचे नाते ओळखावे लागते. वाक्यांचेही तसेच आहे. लांब ते संयुक्त, किंवा ‘आणि’ दिसले की संयुक्त, असा मुलांचा समज असतो. ‘आजी आणि नात मलिदा करतात’ यात ‘आणि’ आहे, परंतु क्रियापद एकच. म्हणून शालेय व्याकरणात ते केवल वाक्य. ‘आजी पोहे भिजवते आणि नात फळे चिरते’ यात दोन स्वतंत्र विधाने आहेत, ते संयुक्त. एक विधान दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर मिश्र. हिब्रूत तर ‘वे’ पुढील शब्दाला चिकटूनच लिहितात. तेथे नुसते ‘आणि’ शोधून निभाव लागत नाही.

सरावासाठी मी सहज एक वाक्य सांगितले : ‘वडिलांना अलिबागला ठेवून आम्ही इस्रायलला आलो.’

“केवल,” ती म्हणाली. “क्रियापद एकच, ‘आलो’.”

उत्तर अचूक होते. मी मात्र गप्प झाले. वडील २००३ साली तिकडेच वारले. मला वेळेवर पोहोचता आले नाही. इतकी वर्षे मी ही हकीकत याच वाक्यात सांगत आले होते, जणू त्यांना मागे ठेवणे ही प्रवासाच्या तयारीतीलच एक बाब होती.

“आता संयुक्त करते,” असे म्हणून तिने लिहिले : ‘तुम्ही आजोबांना अलिबागला ठेवलेत आणि इस्रायलला आलात.’

ते वाचून मला रडू आले. त्या रात्री तिने प्रथमच आजोबांविषयी विचारले, आणि मी सारे सांगितले.

मुले मराठीला हिब्रूत उत्तर देतात, अशी तक्रार आपण सारेच करतो. शब्बाथ संपल्यावर त्यांना आपल्या घरातले एक मराठी वाक्य द्यावे आणि बदलून मागावे, एवढीच पालकांना विनंती.