पंपाची भीती कसली वाटते?

जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी रुग्णालयात, छातीच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बसून मी सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या, पेशंटांशी बोलायचे. लोक या आजाराला सरसकट दमाच म्हणतात. वर्षानुवर्षं बिड्या ओढलेले काका तिथे असायचेच. पण विडीला कधी हात न लावता उभा जन्म चुलीच्या धुरात काढलेल्या मावश्याही असायच्या.

माझ्या हातातली प्रश्नावली औषधांविषयीच्या समजुती मोजणारी होती. रॉब हॉर्न, जॉन वाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९९ साली प्रसिद्ध केली. पाच विधानं औषधाच्या गरजेची, पाच धास्तीची. प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच ते पंचवीस. गरजेतून धास्ती वजा केली की तागडी कुठे झुकते ते दिसतं.

कितीतरी जणांची ती झुकायचीच नाही. पंपाबद्दल, म्हणजे इनहेलरबद्दल, एक मावशी म्हणाल्या, "ताई, पंप नसला की जीव जातोय बघा. पण एकदा लागला की सुटत न्हाई म्हंत्यात. म्हणून लईच धाप लागली तरच घेते." गरज भरपूर, धास्तीही तेवढीच, वजाबाकी शून्य. त्यांच्या फाइलीत मात्र दोन वेळचा पंप चालू असल्याची नोंद होती. अशा वेळी डॉक्टरांना वाटतं, औषध लागू पडत नाहीये. मग डोस वाढतो, आणि घरी धास्तीही वाढते.

पंप म्हणजे शेवटचा उपाय, गोळी आपली साधी, हे तर जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी. विचारताना चुकीचं उत्तर दुरुस्त करायचं नाही, मानही डोलवायची नाही, असा नियम होता. तो पाळणं फार जड जायचं. कागद भरून झाला की मग मी हिशोब मांडायचे. सल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याचीच गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतकं औषध! गोळी पोटातून रक्तात जाते, अंगभर फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट श्वासनळ्यांत उतरतो, म्हणून थोडक्यात भागतं. हे ऐकून काही काका माझ्याकडे संशयाने बघायचे, काही खिशातली गोळ्यांची पट्टी काढून त्यावरचा आकडा वाचायला लावायचे.

पण धास्तीचे गुण म्हणजे अडाणीपणाचे गुण नव्हेत, हे मला ठामपणे सांगायचं आहे. स्टेरॉइडच्या पंपाने आवाज बसतो, तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकली की हा त्रास बराच टळतो, पण ते अनेकांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि काही भीती त्या दहा विधानांत मावतच नव्हती. लेकीला बघायला पाहुणे आले की एक काका पंप धान्याच्या डब्यामागे ठेवायचे, दमा घराण्यातच आहे असं वाटू नये म्हणून. हे मी कागदाच्या समासात लिहून ठेवायचे. माझ्या मते तिथलं लिखाण गुणांइतकंच मोलाचं होतं.

पेशंटला फुंकायला लावून आपण फुप्फुसांची ताकद मोजतो. त्याच्या मनातलं मोजायला सुरुवातीला दहा विधानं पुरतात, यंत्रही लागत नाही. प्रत्येक छातीच्या ओपीडीत ती विचारली गेली पाहिजेत. तुमच्या घरात कुणाला पंप दिलेला असेल, तर "घेतलास का?" एवढंच विचारून थांबू नका. घ्यायला भीती कसली वाटते, तेही विचारा, आणि मिळेल ते उत्तर पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.