कावेरीवरील गळ आणि वही

बंगळूरहून कनकपुऱ्याच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर दक्षिणेला गेले, की ‘संगम’ लागतो. नंदीच्या डोंगरात उगम पावलेली अर्कावती येथे कावेरीला मिळते. थोडे पुढे, गालिबोरे येथे नदी खडकांमधून धावते. रोहू-कटल्याच्या कुळातील महाकाय महसीर हा या पाण्याचा राजा.

त्याला गळाला लावायचे तर आमिष तळापाशी पोहोचले पाहिजे. थंड देशांतही हिवाळ्यात मासे तळाशीच राहतात. तेथील हौशी लोक पाणकिड्याच्या अळीसारखे नकली आमिष बनवितात, ते बुडावे म्हणून दोऱ्याला वजन लावतात आणि वर एक रंगीत बोंड तरंगत ठेवतात. बोंड थबकले, की माशाने तोंड लावले असे समजावे.

कावेरीवर प्रश्न तोच होता, उत्तर निराळे. पाणी वर वेगाने धावते, तर तळाशी घर्षणामुळे मंदावते. वजन हलके झाले, तर आमिष माशाच्या डोक्यावरून निघून जाते. जड झाले, तर कपारीत अडकते. म्हणून दोऱ्याला शिशाची मऊ तार वेढीत आणि नाचणीच्या शिजविलेल्या गोळ्यात गळ दडवीत. बोंडाऐवजी बोटांत धरलेल्या दोऱ्याचा कंप हीच खूण असे.

गालिबोरेला पकडलेले मासे पुन्हा नदीत सोडीत. त्यांचे वजन मात्र वहीत लिहून ठेवीत. 1998 ते 2012 या काळातील सहा हजारांहून अधिक महसीरांच्या या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत होती. परंतु ही वाढ निळसर परांच्या महसीराची होती. त्याची पिल्ले आपल्या लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवून सद्हेतूनेच कावेरीत सोडली गेली होती. मूळचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर मात्र घटत चालला होता. 2018 साली त्याचे शास्त्रीय नाव ‘टोर रेमादेवी’ असे निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला.

नुसत्या एकूण संख्येकडे पाहणाऱ्याला नदी भरभराटीत आहे असेच वाटले असते. कोणता मासा, केवढा आणि केव्हा, हे कोणीतरी रोज लिहून ठेवले, म्हणूनच तिचे खरे दुखणे कळले. आपल्या गावच्या नदीकाठीही अशी एक वही असावयास काय हरकत आहे?