घोटीहून शरणपूर, शरणपूरहून मोंबासा

घोटीच्या स्टँडवर पावसाची रिपरिप चालू होती. आवणीचे दिवस. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, डोक्यावर प्लास्टिकची घोंगती, बांधावर भाताच्या रोपांच्या जुड्या. कळसूबाई-भंडारदऱ्याकडे निघालेली मुंबईची पोरं भज्यांच्या गाडीभोवती गोळा झाली होती. मला मात्र नाशिकला जायचं होतं. शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आजींनी विचारलं, "कुठं निघाला भाऊ?"

"शरणपूरला."

"कोण हाय तिथं?"

"आता कुणी नाही," म्हणालो. आजींनी समजुतीनं मान हलवली. कुणीतरी वारलं असावं असं त्यांना वाटलं, आणि तेही काही फार चुकीचं नव्हतं.

घोटीहून निघायचं मी मुद्दाम ठरवलं होतं. थळ घाटातून रेल्वे वर आली ती 1865 च्या जानेवारीत. मुंबईहून आफ्रिकी मुलांना नाशिकला आणायला सुरुवात झाली ती त्याच्या काही वर्षं आधी, 1860 च्या सुमारास. म्हणजे पहिली मुलं मुंबई-आग्रा रस्त्यानं घाट चढूनच आली असणार, आणि थळ घाट चढून आलेल्याला घोटी काही चुकत नाही. आज त्या रस्त्यावर टोलनाका आहे.

ही मुलं कोण? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबतं इंग्रजी आरमार अडवत असे. सुटका झालेल्या माणसांना मुंबई, एडन अशा बंदरांवर उतरवलं जाई. मोठी माणसं कुठंतरी कामाला लागत. पोरांचं करायचं काय, हा प्रश्न उरे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर 1850 च्या दशकात ख्रिस्ती वस्ती वसवली होती. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. तिथंच या मुलांसाठी 'आफ्रिकन असायलम' चालू झालं. लिहिणं-वाचणं, इंग्रजी, बायबल, आणि जोडीला सुतारकी, लोहारकी.

बस गोंदे, वाडीवऱ्हे मागं टाकत होती. कारखान्यांची कुंपणं आणि त्यांना चिकटून भातखाचरं. खिडकीतून पाहताना एकच गोष्ट मनात घोळत होती: याओ किंवा कुठल्याशा दुसऱ्या जमातीतलं आठ-दहा वर्षांचं पोर, आईबाप कुठे ते ठाऊक नाही, आणि पहिल्यांदा असला पाऊस पाहतंय. त्याचं मूळ नाव काय होतं? बहुतेकांचं हाती लागत नाही. कागदोपत्री ती जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, एडवर्ड गार्डनर झाली. साखळी काढणाऱ्यांनी नावही काढून घेतलं. मिशनचं श्रेय मानतो, पण ही गोष्ट मला खटकते.

आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1866 मध्ये मुंबईहून आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा शरणपूरची नऊ मुलं सोबत होती. त्यांच्याविषयी त्यानं डायरीत तक्रारी केल्या आहेत. त्यातली काही त्याला सोडूनही गेली. गार्डनर मात्र शेवटपर्यंत राहिला. 1872 मध्ये मदतीला पाठवलेल्या तुकडीत जेकब वेनराइट आणि इतर काही नाशिककर आले. 1 मे 1873 रोजी, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. जेकबनं इंग्रजीतून प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव नि तारीख कोरली. त्याचं हे इंग्रजी शरणपूरचं होतं. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि या माणसांनी हजार मैलांहून अधिक चालत तो किनाऱ्यावर बागामोयोला आणला. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

बागामोयोला तो देह उतरवला गेला तो फ्रेंच कॅथलिक पाद्र्यांच्या मिशनमध्ये. तेही सुटलेल्या गुलामांसाठीच 1868 मध्ये उभं राहिलेलं. युरोपात एकमेकांकडे पाठ फिरवून बसणारे हे दोन पंथ इथं एकाच कामाला लागले होते. पुढं जेकब देहासोबत इंग्लंडला गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला ज्यांचे हात लागले, त्यांत त्याचाही होता.

महामार्ग स्थानकावर उतरून रिक्षा केली. "शरणपूर रोडला कुठं? कॅनडा कॉर्नर की राजीव गांधी भवन?" कॅनडा कॉर्नर म्हणालो. नाशिकच्या तोंडी कॅनडा आहे, आफ्रिका नाही! दवाखाने, क्लासेस, कपड्यांची दुकानं, सिग्नलला तुंबलेली वाहनं. संत आंद्रिया चर्चच्या आवारापाशी आल्यावर मात्र आवाज जरा मागे पडतो. बाकी इथं दीडशे वर्षांपूर्वी भात्यावर आफ्रिकी पोरं बसायची, हे सांगूनही पटू नये.

ती पोरं परत गेली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर 1873 मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. 1875 मध्ये प्राइस यांनीच मोंबासासमोर फ्रिअर टाउन वसवलं. शंभराहून अधिक 'बॉम्बे आफ्रिकन' तिथं आणि रबाईला शिक्षक, सुतार, लोहार, उपदेशक झाले. किनाऱ्यावरच्या लोकांना त्यांचे कोट-पाटलोण परके वाटायचे, मिशनरी साहेबांना त्यांचा ताठा खुपायचा. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर या दोघा नाशिककरांना 1885 मध्ये दीक्षा मिळाली. आजच्या केनियातले ते पहिले आफ्रिकी दीक्षित. त्याच वर्षी त्यांच्या मिशनचा बिशप हॅनिंग्टन प्रवासात मारला गेला, तेव्हा मागं राहिलेला तांडा जोन्सनंच किनाऱ्यावर परत आणला.

फ्रिअर टाउनमध्ये 1903 मध्ये धर्मशिक्षणाची शाळा उभी राहिली. 1930 मध्ये ती लिमुरूला गेली आणि 2007 मध्ये सेंट पॉल्स विद्यापीठ झाली. कॅथलिकांनीही 1984 मध्ये नैरोबीत उच्च धर्मशिक्षणाची संस्था काढली, पुढच्या वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिचं उद्घाटन केलं, आणि 1992 पासून ती कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ ईस्टर्न आफ्रिका आहे. दोन्हीकडे आता धर्मशास्त्राबरोबर वाणिज्यही शिकवलं जातं. सेंट पॉल्सचं सगळं श्रेय शरणपूरला देणं अतिशयोक्ती होईल. पण ती शाळा ज्या वस्तीत रुजली, तिच्या पहिल्या भिंती चढल्या तेव्हा शरणपुरात हत्यार धरायला शिकलेले हात तिथं होते.

मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात 1935 पर्यंत जगला. फ्रिअर टाउनची घंटा गुलामांची गलबतं दिसली की वाजवत. ती जिथं होती त्या चौकाला मोंबासात आजही केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा, केंगेलेनी, घंटेपाशी. घंटेचा मनोरा अजून उभा आहे.